नेलपॉलिश लवकर वाळायला हवं आणि वासही कमी हवा, तर क्रम असा ठेवा

लग्नाच्या आदल्या रात्री अकराला नेलपॉलिश लावायचं, दहा मिनिटं फुंकर मारायची, हात लावून बघायचा, कोरडं लागलं की झोपायचं. सकाळी उठून बघावं तर दहाही नखांवर चादरीची वीण उमटलेली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरमध्ये लग्नसराईत अशी एक तरी मुलगी रोज येते, आणि प्रत्येकीचं म्हणणं तेच: "वैनी, वाळलं होतं की ओ, मी हात लावून बघितलं होतं!" ती खोटं बोलत नसते. वरचा पापुद्रा खरंच वाळलेला असतो. खालचा थर ओला असतो.

असं का होतं ते आधी सांगते, कारण पुढची सगळी कामं त्यावरच उभी आहेत. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज, राळ आणि रंग असतात, आणि ते इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असतात. नखावर लावलं की द्रावक हवेत उडून जातात आणि मागे कडक पापुद्रा राहतो. इथाइल ॲसिटेट ७७ अंश सेल्सिअसला उकळतं, ब्युटाइल ॲसिटेट १२६ अंशांना. पहिलं झटकन उडतं, म्हणून वरून हाताला कोरडं लागतं. दुसरं रेंगाळतं, आणि थर जाड असेल तर वरच्या पापुद्र्याखाली अडकून बसतं.

आपल्याला येणारा वास या उडणाऱ्या द्रावकांचाच. वास आणि ओल एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. त्यामुळे खोली बंद ठेवून, वास न येता, झटपट वाळावं अशी अपेक्षा पुरी होणार नाही. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: नखावर जाणारा एकूण द्रव कमी करणं, आणि उडालेली वाफ आपल्या नाकाकडे न येता बाहेर जाईल अशी सोय करणं.

टप्पा १: बाटली आदल्या दिवशी तपासा

ऐन वेळी बाटली उघडून "घट्ट झालंय" म्हणत तसंच लावणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जुनं, तार धरणारं नेलपॉलिश पातळ लावताच येत नाही. आणि जाड थराला वाळायला दुप्पट नव्हे, त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

ब्रश बाहेर काढून बाटलीच्या तोंडावर धरा. थेंब दोन-तीन सेकंदांत सुटून पडला तर ठीक. मधासारखी तार लोंबली तर नेलपॉलिशचं थिनर दोन-तीन थेंब घाला. मग बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवतो तशी फिरवा. जोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि तेच नखावर फोड होऊन उमटतात.

सावध: थिनर नाही म्हणून रिमूव्हर ओतू नका. त्या दिवशी पातळ झाल्यासारखं वाटतं, पण त्याचं गणित बिघडतं. पापुद्रा कमजोर होतो आणि दोन दिवसांत कडा उडतात.

बाटलीवर काय लिहिलंय तेही वाचा. "जेल" प्रकारचं नेलपॉलिश हवेने वाळतच नाही, ते खास यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली घट्ट होतं. एका ताईंनी ऑनलाइन मागवलेली अशी बाटली लावली आणि दीड तास पंख्याखाली बसल्या. शेवटी पुसून काढावं लागलं. "जेल इफेक्ट" किंवा "जेल शाइन" लिहिलेल्या बाटल्या मात्र बहुतेक वेळा साध्याच असतात, त्यांना दिवा लागत नाही. बाटलीवरच्या सूचनांत दिव्याचा उल्लेख असेल तर ते खरं जेल.

"३-फ्री" याचा अर्थ टोल्युईन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट हे तीन घटक त्यात नाहीत. चांगली गोष्ट आहे, पण ॲसिटेट त्यात असतातच, त्यामुळे वास येणारच. वासाचा खरंच त्रास होणाऱ्यांसाठी पाण्यावर आधारित नेलपॉलिश मिळतं. त्याला वास खूप कमी असतो. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्याकडून घाईची अपेक्षा ठेवू नका. हवेतच इतका दमटपणा असतो की त्यातलं पाणी उडायला वेळ घेतं.

रंग निवडतानाच वेळ वाचतो, हे फार कमी जणींच्या लक्षात येतं. पांढरा, फिका गुलाबी, पिस्ता असे रंग एका थरात पट्टे दाखवतात, म्हणून तीन-तीन थर चढतात. घाई असेल तर पारदर्शक झाक असलेला किंवा बारीक चमक असलेला रंग घ्या. एका थरात भागतं, वासही तेवढाच कमी.

टप्पा २: जागा ठरवा, बाकीची कामं आधी उरका

जुन्या पेठांतल्या घरांत माजघराला खिडकी नसते, आणि बायका नेमक्या तिथेच आरशासमोर बसतात. तिथे बसू नका. सोप्यात बसा, किंवा परड्याच्या दाराशी. फ्लॅटमध्ये असाल तर गॅलरीच्या दारात. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायला हवी, आणि तुम्ही हवा येते त्या बाजूला बसायला हवं. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवा, म्हणजे तो वास बाहेर ढकलेल. नखं वाळवायला तो आपल्याकडे वळवायचा ती वेळ नंतर येते.

जुना पेपर पसरा, त्यावर काचेची किंवा स्टीलची ताटली ठेवा. रिमूव्हरचा एक थेंब लाकडाच्या पॉलिशवर, मोबाइलच्या कव्हरवर किंवा प्लॅस्टिकच्या ट्रेवर पडला तर कायमचा डाग पडतो.

सावध: देवघरात समई चालू असेल, उदबत्ती लावलेली असेल, डासांची कॉइल जळत असेल किंवा शेजारी गॅस पेटलेला असेल तर आधी ते विझवा किंवा दुसरीकडे जा. रिमूव्हरमधलं ॲसिटोन आणि नेलपॉलिशमधले ॲसिटेट झटकन पेट घेतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि आपण तर पाटावर किंवा चटईवर बसलेल्या असतो. वास मारायला म्हणून मुद्दाम उदबत्ती किंवा कापूर लावणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कृपा करून ते करू नका. वास कमी होत नाही, त्यावर दुसरा वास चढतो, आणि धोका वाढतो तो वेगळाच.

दमा असलेली व्यक्ती, गरोदर बाई, तान्हं बाळ घरात असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. लावताना डोकं जड झालं तर बाटली बंद करून बाहेर मोकळ्यावर या. राहिलेली नखं नंतर होतील.

बसण्याआधी केस बांधा, बांगड्या घालून घ्या, पाणी पिऊन घ्या, फोन चार्जिंगला लावा. साडी नेसायची असेल तर नखं आदल्या दिवशी दुपारीच करा. ओल्या नखांनी निऱ्या घालायला गेलं की नखंही जातात आणि साडीला डागही लागतो.

टप्पा ३: जुनं काढा, थोडक्या रिमूव्हरमध्ये

"नेलपॉलिशचा वास सहन होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना खरा त्रास रिमूव्हरचा होत असतो. कापसाचे मोठे बोळे भिजवून ते उघड्यावर टाकत राहिलं की सगळं घर भरतं.

कापसाचा छोटा चौकोन घ्या, नखाएवढाच. त्यावर दोन-तीन थेंब रिमूव्हर. नखावर ठेवून दाबा, दहा-पंधरा सेकंद तसंच धरा. मग मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढा. सारखं घासत बसलं की कापूस जास्त लागतो, रंग आजूबाजूच्या कातडीत भरतो आणि लाल रंगाने बोटं रंगतात. वापरलेला तुकडा लगेच झाकणाच्या डब्यात किंवा गाठ मारता येईल अशा पिशवीत टाका. रिमूव्हरची बाटली दर वेळी बंद करा. हा कंटाळा आला की वास वाढलाच म्हणून समजा.

ॲसिटोन नसलेला रिमूव्हर नखांना थोडा सौम्य असतो, पण त्यातही द्रावक असतंच. वास येतो, आगही लागते, आणि गडद रंग काढायला वेळ जास्त लागतो. फक्त नाव बघून तो उघड्या कापसावर ओतू नका.

टप्पा ४: नख कोरडं करा, अगदी कोरडं

आता हात साबणाने धुवून पुसा, नखं कापा, कानशीने एकाच दिशेने घासा. आणि मग थांबा.

हात गरम पाण्यात भिजवून लगेच रंग लावायचा, असं अनेकींच्या डोक्यात पक्कं बसलंय. नख पाणी शोषतं आणि किंचित फुगतं. त्यावर रंग लावला, नख पुन्हा वाळून आकसलं, की वरचा पापुद्रा ताणला जाऊन सुटतो. भांडी घासल्यावर, कपडे धुतल्यावर, आंघोळीनंतर किमान अर्धा तास जाऊ द्या. मी गिऱ्हाइकांची नखं पाण्यात भिजवणं यासाठीच कमी केलंय.

त्यानंतर शेवटची पुसणी: कापसाला रिमूव्हरचा किंवा स्पिरिटचा एक थेंब, आणि दहाही नखांवरून हलकासा हात. खोबरेल, क्रीम, स्वयंपाकाचं तेल यांचा अंश राहिला तर रंग पकडत नाही, सरकतो आणि नखाच्या कडेला गोळा होतो. गोळा झाला तिथे जाड झाला, आणि जाड झाला तिथे वाळला नाही.

तपासून पाहा: पुसल्यावर नख मंद, खडूसारखं दिसायला हवं. कुठे चकाकी दिसली तर तिथे तेल आहे.

टप्पा ५: लावताना

आधी बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, एकच आणि पातळ. लाल, मरून, जांभळा असे रंग नखात उतरून पिवळट डाग पाडतात, ते हा थर अडवतो. दोन मिनिटं जाऊ द्या.

मग रंग. ब्रश बाटलीच्या तोंडाला घासून एक बाजू पूर्ण रिकामी करा, दुसऱ्या बाजूला छोटासा थेंब राहू द्या. नखाच्या मुळापासून केसभर जागा सोडून मधून एक पट्टा टोकापर्यंत, मग डावीकडे एक, उजवीकडे एक. तीन पट्टे. चौथ्यांदा त्याच जागी ब्रश फिरवायचा मोह आवरा, कारण तोवर वरचा थर धरू लागलेला असतो आणि ब्रशने तो खरवडला जातो. टोकाच्या कडेवरूनही ब्रश हलकेच फिरवा, म्हणजे रंग तिथून उडत नाही.

पहिल्या थरातून नख थोडं दिसलं तर दिसू द्या. इथेच सगळं बिघडतं. पट्टे दिसले म्हणून घाबरून त्याच थरात जास्त रंग ओतला जातो. दोन पातळ थर तीन-तीन मिनिटांच्या अंतराने लावले, तर ते एका जाड थराच्या कितीतरी आधी वाळतात. दुसरा थर पहिल्याचे पट्टे झाकतो.

दोन थरांमधल्या वेळात बाटली बंद ठेवा. झाकण लावण्याआधी बाटलीची मान रिमूव्हरच्या कापसाने पुसून घ्या, नाहीतर झाकण नीट बसत नाही, आणि खोलीत वास आणि बाटलीत घट्टपणा दोन्ही वाढत जातात.

सावध: रंग लावताना पंखा थेट हातावर नको. ब्रशवरच रंग धरतो, थर सपाट पसरायच्या आत वरून सुरकुततो, बुडबुडे राहतात.

शेवटी टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. लवकर वाळणारा म्हणून मिळणारा टॉप कोट खरंच उपयोगी आहे, आणि एकाच बाटलीवर पैसे घालायचे असतील तर मी त्यावर घालेन. तो रंग पूर्ण वाळल्यावर लावायची गरज नाही. रंग किंचित चिकट असताना, दोन मिनिटांनी, ब्रश न दाबता नखावरून तरंगत नेल्यासारखा लावा. साधा टॉप कोट असेल तर मात्र पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर तो खालचा रंग ओढतो.

टप्पा ६: वाळवणं

शेवटचा थर लावल्यावर एक मिनिट काहीच करू नका. थर आपला आपण सपाट होऊ द्या. आता टेबलफॅन आपल्याकडे वळवा, सगळ्यात कमी वेगावर, दोन-तीन फुटांवरून. हलती हवा नखाजवळची वाफ उचलून नेते आणि तिथे नवी वाफ निघायला जागा होते. बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा हीच जास्त कामाची.

इतर युक्त्यांबद्दल मला रोज विचारतात, म्हणून एकेक सांगते.

हेअर ड्रायर: गार हवेवरच. गरम हवेने पापुद्रा मऊ पडतो, आतलं द्रावक उसळतं आणि फोड येतात.

बर्फाचं किंवा गार पाणी: याने द्रावक उडत नाही. रंग थंड होऊन कडक लागतो, म्हणून वाळल्यासारखा वाटतो. हाताला कोरडं लागल्यावर एक-दोन मिनिटं बोटं बुडवली तर चालतं. ओल्यावर बुडवलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो. आणि पाण्यातून हात काढल्यावर लगेच कामाला लागायचं नाही, आतली ओल तशीच आहे.

तेलाचा थेंब: खोबरेलाचा एक थेंब कोरड्या झालेल्या नखावर सोडला तर कपडा, केस चिकटत नाहीत, घासटलं तर घसरून जातं. ते रक्षण झालं, वाळणं नव्हे. लवकर वाळवणारे म्हणून मिळणारे थेंबही बरंचसं हेच काम करतात.

तोंडाने फुंकर: श्वास गरम आणि दमट असतो. दम जातो, फायदा नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवणं: रंग थंड होऊन घट्ट होतो आणि जाड बसतो.

आता आपल्याकडच्या पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की द्रावक उडताना नख गार पडतं आणि त्यावर हवेतली ओल बसते. रंगावर दुधाळ, धुरकट झाक येते. नेलपॉलिश खराब निघालं म्हणून लोक बाटली टाकून देतात. अशा दिवसांत पावसाच्या झोताच्या तोंडावर, उघड्या गॅलरीत बसू नका. एक खिडकी किलकिली ठेवून आतल्या बाजूला बसा, पंखा वाळवतानाच लावा, थर आणखी पातळ ठेवा आणि मधला वेळ तीनवरून पाच मिनिटांवर न्या. झाक आलीच असेल तर पाऊस थोडा ओसरल्यावर टॉप कोटचा एक पातळ थर द्या, बऱ्याचदा ती जाते.

तपासून पाहा: बोटाच्या पेराने दाबून बघू नका, ठसा तिथेच उमटतो. दोन हातांच्या करंगळ्यांची नखं एकमेकांना हलकेच टेकवा. चिकटून सुटली तर अजून वेळ आहे. न चिकटता सुटली तर वरचा थर वाळला. मग नख नाकाशी न्या. वास येतोय तोवर आत ओल आहे, आणि तोवर चादर, कुलूप, पर्सची चेन यांपासून लांब राहायचं.

टप्पा ७: पायांची नखं

पायांची आधी करा, हातांची नंतर. उलटं केलं तर ओल्या हातांनी वाकून पायाशी काम करावं लागतं. बोटांच्या मध्ये कापूस घाला.

कोल्हापुरी चप्पल घालणारणींसाठी खास: अंगठ्याची चामड्याची वादी नखाच्या मुळाशी घासते आणि नेमका तिथला रंग ओरबाडला जातो. पायांचा रंग लावल्यावर किमान दोन तास कोल्हापुरी घालू नका, बंद बूट तर मुळीच नाही. महाद्वार रोडला खरेदीला जायचंच असेल तर पुढून पूर्ण उघडी, पट्टा पावलावर येणारी चप्पल घाला.

टप्पा ८: एखादं नख बिघडलं तर

सगळं पुसायची घाई नको. ओरखडा ओला असताना दुसऱ्या हाताच्या बोटाला रिमूव्हरचा अगदी पुसटसा अंश लावा आणि चुरगळलेल्या जागी हलके थोपटा. रंग थोडा विरघळून सपाट होतो. मिनिटभराने त्यावर टॉप कोट. चादरीची वीण उमटली असेल आणि ती फार खोल नसेल, तरी टॉप कोटने भरते. फोड आले असतील तर मात्र उपाय नाही, ते एक नख पुसून पुन्हा करा.

टप्पा ९: पुढचे काही तास

पिशवीची गाठ मारून ती घराबाहेरच्या कचऱ्यात ठेवा, सकाळी घंटागाडीत द्या. रात्रभर खोलीत राहिली तर वासाचं मूळ तीच असते. खिडकी आणखी अर्धा तास उघडी.

हाताला कोरडं लागल्यापासून पहिला पाऊण तास फक्त बसून करायची कामं. दोन तास गरम पाणी नको, म्हणजे भांडी आणि आंघोळ दोन्ही. झोपायच्या किमान तीन तास आधी लावून झालेलं असावं.

आणि भाकरी. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावरून हाताने उलटायचं, यात उष्णता, ओल आणि दाब तिन्ही एकदम नखावर येतात. त्या दिवशीच्या भाकरी आधी करून ठेवा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला थापायला सांगा. फिक्या रंगाचं नेलपॉलिश असेल तर रश्शाचं वाटण आणि हळद हाताने कालवू नका, चमचा घ्या. ताज्या रंगाला हळदीचा पिवळा डाग बसला की तो रिमूव्हरशिवाय निघत नाही.